भंडारा लावलेली कुत्री

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको उंबऱ्यात बसून अवरेकाई सोलत होतो. बेंगळुरात थंडी पडली की ही शेंग येते. आपल्या वालाची बहीणच म्हणा. शेंगेतले दाणे काढायचे, पाण्यात भिजत घालायचे, मग एकेक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा. साल बोटात राहते, आतली डाळ टुणकन उडते. ती दाबायची तर डाळ सरळ पातेल्यात. मी दाबायचो तर भिंतीवर, गटारात, एकदा तर समोरच्या नंजम्माच्या रांगोळीत.

"पत्रा ठोकताय का?" ती म्हणाली. "दाणा आहे तो. स्वल्प हळू."

"हळूच दाबतोय. दाणाच वांड आहे."

ती हसली. मग पातेलं स्वतःकडे ओढून म्हणाली, "उद्या सकाळी कुत्र्यांचे सुईवाले येणार. तांबडी यंदा सुटता कामा नये. तुम्ही आपले घरात बसा. तुम्हाला बघितलं की ती पळते."

मी म्हटलं, "सरी, तसंच करतो."

पहाटे चहाला उठवायला गेलो तर ती गेलेली होती. आजार नाही, औषध नाही, हाक नाही. माणूस असं पण जातं, हे मला माहीत नव्हतं.

त्याला आता वर्ष झालं. परवा मार्केटात गेलो आणि अवरेकाईचा वास आला. ह्या शेंगेच्या अंगावर एक तेलकट वास असतो, इकडे त्याला सोगडु म्हणतात. दव जास्त पडलं की वास जास्त. बायका शेंग नाकाशी धरून घेतात, रंग बघत नाहीत. मीपण नाकाशी धरली. शेंगवाली म्हणाली, "अज्जी कुठं? नेहमी त्याच घेतात की." मी पिशवी भरून शेंगा घेतल्या आणि घरी आल्यावर कळलं की एवढ्या सोलणार कोण. मला एकट्याला त्यात रस नाही. सोलायचं काम हे बोलायचं काम असतं.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेलो, मराठी अक्षर वडिलांनी पोथीवर बोट ठेवून शिकवलं. आमचे लोक ह्या गावात कधी आले ते कुणाला सांगता येत नाही. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले म्हणतात. फौज गेली, आम्ही राहिलो. कुणी शिंपी झाला, कुणी टपालात लागला. मी चामराजपेटेत पत्र्याच्या पेट्या केल्या. लग्नाच्या पेट्या, मिलिटरीच्या पेट्या, दुकानाच्या गल्ल्याच्या पेट्या. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. सकाळी हातोडा घेतला की रात्रीच्या जेवणापर्यंत ठणठण. म्हणून गल्लीतलं एक कुत्रं माझ्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. हातोडा हातात नसला तरी. त्यांच्या लेखी मीच तो आवाज.

आणि तिच्याभोवती सगळी. मुद्दे नावाचा एक जाडा होता, नाचणीच्या मुद्द्यासारखा, म्हणजे उकडीच्या गोळ्यासारखा गोल, तो तिच्या पायावर डोकं ठेवूनच झोपायचा. एक सायबा होता, बिस्कीट उंबऱ्यावर ठेवलं तर खाणार नाही, हातातूनच पाहिजे. गल्लीत सगळे कन्नड बोलतात, तमिळ बोलतात, दख्खनी बोलतात. मराठी फक्त आमच्या लोकांच्या चार घरांत. पण कुत्र्यांशी ती मराठीच बोलायची. "ये रे इकडे", "सरक तिकडे", "लाज नाही वाटत?" नंजम्मा म्हणायची, "सुंदरक्का, ह्या गल्लीत माणसांपेक्षा कुत्र्यांना मराठी जास्त येते."

नंजम्माला कुत्री आवडत नव्हती. "गाडी बोलवा आणि सगळी उचलून न्या," हे तिचं कायमचं बोलणं. मी तिच्याच बाजूचा होतो, लपवत नाही. रात्री भुंकतात, गाडीच्या मागं लागतात, घाण करतात. पण त्या पालिकेच्या गाडीचं मी बघितलेलं आहे. आमच्या तरुणपणी यायची. फास टाकून कुत्री न्यायचे, ती परत यायची नाहीत. चार दिवस गल्ली शांत. मग दुसरीकडची कुत्री यायची, ना ओळखीची ना पाळखीची, आणि कुठलं आजारी, कुठलं चांगलं, कुणालाच ठाऊक नाही. घराला कडी नसली की कुणीही शिरतं, तसंच.

तिच्या मनात कुत्र्यांची भीती का नाही, ह्याचं मला लग्नानंतर पुष्कळ वर्षं नवल वाटायचं. कारण तिची थोरली अक्का कुत्रं चावूनच गेली होती. येलहंका तेव्हा खेडं होतं, तिथं तिचं माहेर. पिसाळलेलं कुत्रं चावलं, घरच्यांनी झाडपाला बांधला, मंत्र घालून घेतला, जखम भरली. सगळे विसरले. आणि मग एके दिवशी अक्कानं पाण्याचा तांब्या तोंडाजवळ नेला आणि फेकून दिला. तहान लागलेली आणि पाणी नको. खोलीचं दार बाहेरून लावलं होतं. ही तेव्हा लहान, दाराच्या फटीतून बघत होती. एवढंच तिनं मला सांगितलं, तेही एकदाच.

मी विचारलं, "मग तुला ह्या जातीचा राग येत नाही?"

म्हणाली, "त्यानं कुठं मुद्दाम दिलं? त्यालापण कुणीतरी दिलंच होतं."

मी हातोडा घेतला आणि ठोकत बसलो.

तर सुईवाल्यांचं सांगतो. दर थंडीत येतात. एक डॉक्टरीण, दोघं जाळीवाले, एकाच्या हातात रंग. कुत्रं धरायचं, मानेच्या कातडीत सुई द्यायची, कपाळावर रंगाचा ठिपका लावायचा आणि सोडायचं. ठिपका म्हणजे ह्याची सुई झाली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी गल्लीतून फिरून ठिपक्यांची कुत्री आणि बिनठिपक्याची कुत्री बघून जातं. पुष्कळशी झाली असतील तर पुढच्या गल्लीत जायचं. डॉक्टरिणीनं आम्हाला समजावलं होतं, "ताता, सगळ्या जगातली कुत्री धरायला नकोत. पण एका जागेतली बहुतेक झाली, की त्या रोगाला तिथं राहायला घर मिळत नाही." ताता म्हणजे इकडचे आजोबा.

पहिल्यांदा जाळी घेऊन आले तेव्हा नुसता गोंधळ. कुत्री पत्र्यांवर, गाडीखाली, गटारात. एकजण नंजम्माच्या दारात पडला. मग आमची ही पदर खोचून बाहेर गेली. म्हणाली, "जाळी ठेवा बाजूला. तुमच्या घरी कुणी असा आला तर तुम्ही थांबाल का?" रस्त्यात बसली. मुद्देचं तोंड मांडीत घेतलं आणि डॉक्टरिणीला म्हणाली, "टोचा." टोचलं. मग सायबा. मग बाकीची. तेव्हापासून आमच्या गल्लीत जाळी दुसऱ्या नंबरावर गेली. शेजारच्या गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या आणि आपापली कुत्री आपण धरायला लागल्या. एक इडलीवाला पण धरायला लागला. डॉक्टरीण म्हणायची, अशी प्रत्येक गल्लीत एक अज्जी मिळाली तर माझं काम निम्मं होईल.

आणि मग तिच्याच हातून एक घोळ झाला. तिच्या एकटीच्या नाही, आम्हा सगळ्या मराठ्यांच्या घरांच्या.

आमच्या घरातला देव खंडोबा. इकडचे लोक त्याला मैलारलिंग म्हणतात, देव तोच. त्याच्याजवळ कुत्रा असतोच. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, रोडगा, तळी उचलायची, "येळकोट येळकोट" करायचं आणि पहिला घास कुत्र्याला. नुसता घास नाही, कपाळाला भंडारा लावायचा, म्हणजे पिवळी हळद. त्या वर्षी सुईवाले चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आले. अर्धी कुत्री झाली, अंधार पडला, उरलेली उद्या करू म्हणून गेले. त्यांच्या रंगाचा ठिपका होता पिवळा.

सकाळी आमच्या घरांतून बायका ताटं घेऊन बाहेर. एक कुत्रं सोडलं नाही. ज्याला दिसेल त्याला घास, ज्याला दिसेल त्याला भंडारा. सुई झालेलं, न झालेलं, दुसऱ्या पेटेतून फिरत आलेलं. दुपारी ठिपके बघणारा माणूस आला. त्यानं बघितलं तर गल्ली पिवळीधमक. खूश झाला बिचारा. "इथं सगळी झाली," म्हणून गेला. डॉक्टरीण पुढच्या गल्लीत.

पुढं कुत्र्यांनी अंग खाजवलं, भंडारा उडाला, आणि हिच्या लक्षात आलं की निम्म्या कपाळांवर काहीच नाही. कपाळाला हात लावून बसली. "देवाचं केलं आणि देवाच्याच कुत्र्यांना फसवलं," म्हणाली. मी हसलो तर दिवसभर बोलली नाही. मग फोन करायला लावला. डॉक्टरीण आली, सगळं ऐकलं आणि रस्त्यात उभी राहून हसली. "अज्जी, तुमच्या देवानं माझं काम एका दिवसात केलं की!" म्हणाली, ज्याची शंका आहे त्याला परत देऊ, दुसऱ्यांदा दिल्यानं काही बिघडत नाही. परत सगळी धरली. तेव्हापासून आमच्याकडे येताना ते लोक निळा रंग आणतात.

सगळी धरली, एक सोडून. तांबडी. ती नवीन होती, कुठून तरी आलेली, एक कान फाटका, रंग विटेसारखा. तिनं हिचीपण ओळख धरली नव्हती. जाळीवाल्यानं जाळी टाकली, ती जाळीसकट फरफटत गेली आणि सुटली. त्यानंतर सुईवाल्यांची गाडी वळणावर आली की तांबडी गायब.

ते पूर्ण वर्ष ही तांबडीच्या मागं होती. सगळ्यांचं खाणं घालून झालं की एक घास वेगळा, गल्लीच्या तोंडाशी. रोज थोडा अलीकडे. माझ्या आईची सून माझ्या आईलाही एवढं मनवत नव्हती. पावसाळ्यात तांबडी दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत आली. गणपतीच्या सुमारास नंजम्माच्या दारापर्यंत. मी बाहेर आलो की पळ. ही मला म्हणायची, "तुम्ही आत व्हा. तुमच्या पावलात पत्रा वाजतो."

"अगं, अनवाणी आहे मी."

"तरी वाजतो."

दिवाळी झाली आणि एक दिवस तांबडीनं तिच्या हाताचा वास घेतला. ती घरात आली तेव्हा तोंड असं, जसं लेक पहिल्यांदा चालली होती तेव्हा झालं होतं. मला हात दाखवला. "ओलं नाक लागलं बघा इथं." मी बघितलं. काही दिसलं नाही. मी म्हटलं, "हो, दिसतंय."

आता मी त्या थंडीतलं काहीपण आठवायला बसलो की आठवण घसरत त्या सकाळपाशीच येते.

लेक हुबळीला असते. तिला फोन केला. ती निघाली, यायला दुपार होणार होती. नंजम्मा आणि शेजारच्या बायकांनी हिला पुढच्या खोलीत चटईवर निजवलं, जिथं मी पेट्या ठोकायचो तिथंच. हातोडा, कातरी, पत्र्याचे तुकडे सगळं एका कोपऱ्यात लोटलं. मी भिंतीला टेकून बसलो. लोक येत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. मला त्यांच्या हातांचं ओझं होत होतं.

ऊन वर आलं आणि डॉक्टरीण दारात. हातात सुयांचा डबा. आत बघितलं आणि डबा खाली ठेवला. हात जोडले. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "ताता, आम्हाला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात येतो."

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात काय ती उठून येणार आहे? आजच करा."

"पण धरणार कोण?"

"मी."

बायकांत कुजबुज झाली. नंजम्मा पुढं आली. "अण्णा, डोकं ठिकाणावर आहे का? घरात मयत आहे आणि तुम्ही कुत्री धरायला निघालात? लोक काय म्हणतील?"

"लेक येईपर्यंत लोकांना दुसरं काय काम आहे? म्हणू दे." मी उठलो. "हिनं वर्षभर जिला मनवलं ती आज सुटली, तर परत कुणाच्याच हाताला लागणार नाही. मग ती कुणाला चावली, तर त्या घराच्या दाराला बाहेरून कडी लागेल. तुझ्याच घराला लागेल, नंजम्मा. ती तुझ्याच दारात झोपते."

नंजम्मानं पदर कमरेला खोचला, गल्लीच्या तोंडाशी गेली आणि स्कूटरवाल्यांना थांबवायला लागली. "त्या बाजूनं जा. इथं काम चाललंय." गाडी बोलवा म्हणणारी बाई.

मुद्दे, सायबा आणि बाकीची दाराशीच होती, आत का सोडत नाहीत म्हणून. त्यांना जाळीवाल्यांनी हातानंच धरलं. ती हलली नाहीत. सुई, निळा ठिपका, झालं. तांबडी एका उभ्या ऑटोच्या खाली होती. मला बघितलं आणि आणखी आत सरकली. जाळीवाला पुढं झाला, मी त्याला थांबवलं.

माझ्याकडे हिचा आवाज नाही. गोड बोलायला गेलो तर माणसंपण दचकतात. मला बायकोच्या बाबतीत एकच विद्या येत होती. ती रुसली की मी स्वयंपाकघराच्या दारात तिच्याकडे पाठ करून बसायचो. बोलायचं नाही, बघायचं नाही, उठायचं नाही. किती का वेळ लागेना. मग तीच मागून येऊन चहाची वाटी माझ्या शेजारी आपटायची. संसार असाच चालवला. तर मी ऑटोकडे पाठ करून रस्त्यावर बसलो. डॉक्टरिणीला म्हटलं, "तुम्हीपण बसा. सुई पदराखाली धरा."

बसलो. थंडीचं ऊन पाठीवर. घरातून बायकांचं रडणं येत होतं, थांबत होतं, परत येत होतं. मी आधी रडलो नव्हतो. तिथं रस्त्यावर बसल्यावर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात वर केला नाही, हात हलवला तर ती पळाली असती. तसंच वाहू दिलं. मग पाठीला काहीतरी लागलं. ओलं. मग दंडाला. मग ती हळूच माझ्या बाजूनं पुढं आली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी तिच्या गळ्याभोवती हात टाकला, पत्रा वाकवताना टाकतो तसा, घट्ट पण मोडणार नाही असा. "टोचा," म्हटलं.

डॉक्टरिणीनं टोचलं. तांबडी ओरडली, वळली आणि माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवला. मी सोडलं नाही. रंगवाल्यानं कपाळावर निळा ठिपका ओढला, मग सोडलं.

"झाली ना?" मी विचारलं.

"झाली ताता. सुई पूर्ण गेली." तिचं लक्ष माझ्या हाताकडे होतं. "उठा. नळाखाली हात धरा. साबण लावून धुवा, मी बस म्हणेपर्यंत. मग लगेच इस्पितळात जायचं. हिची आधी कधीच झालेली नाही, आणि आजची सुई आजच कामाला येत नाही. तुम्हाला सुई पाहिजे, आजच."

"आज माझ्या घरी काय आहे ते बघितलंस ना पोरी?"

"बघितलं. म्हणून तर आज म्हणते. मातीनंतर नाही, आधी."

नंजम्मा कपड्याचा साबण घेऊन धावत आली. नळ सोडला. फेस लाल झाला, मग गुलाबी, मग पांढरा. त्या पाण्याखाली हात धरून उभा असताना माझ्या मनात आलं, कशाला? आता कुणासाठी हे सगळं? ती आत चटईवर. रोग आला तर येऊ दे, लवकर सुटेन. खरंच तसं वाटलं. मग वाटलं, नाही. लेक येतेय. आई गेली म्हणून रडत येतेय. तिला उद्या बापाच्या खोलीच्या दाराशी फटीतून बघत उभं करायचं नाही. आपल्यापर्यंत आलेलं पुढं कुणाला द्यायचं नाही, एवढंच तर ही रस्त्यात बसून करत होती.

"बस?" मी विचारलं.

"आणखी," डॉक्टरीण म्हणाली. मी आणखी धुतलं.

हातावर पट्टी बांधून घेतली नाही, डॉक्टरीण नको म्हणाली. तसाच ओला हात घेऊन आत गेलो. बायका बाजूला झाल्या. मी चटईशी बसलो, तिच्या कानाजवळ वाकलो आणि आपल्या भाषेत तिला सांगितलं, "तांबडीची सुई झाली. मला चावली ती. आता मी टोचून घ्यायला जातोय. मी आल्याशिवाय ह्यांच्याबरोबर निघू नकोस."

मग बाहेर आलो आणि ऑटोत बसलो.